‘वाटेत’ हा एक शब्द

नाना, परवा जळगावच्या ग्राहक आयोगात माझ्या अशिलाच्या प्रकरणाचा पुकारा व्हायची वाट बघत मी मागच्या बाकावर बसले होते. माझ्या आधीचं प्रकरण टपालाचं निघालं. फैजपूरकडचे एक गृहस्थ होते. मुलाच्या प्रवेशाची कागदपत्रं त्यांनी स्पीड पोस्टाने पाठवलेली आणि ती पोहोचली मुदत उलटून गेल्यावर. खात्याचा वकील तरुण होता, तयारी करून आलेला. त्याने टपाल कायद्यातलं कलम काढलं आणि स्पष्ट आवाजात वाचलं. तुमच्या वेळचा तो इंग्रजांच्या काळातला कायदा आता राहिला नाही, तुम्ही गेल्यानंतर नवा आला आहे. पण ते कलम राहिलंच. शब्द थोडे बदललेत, मतलब तोच. सेवेत काही कमीजास्त झालं, उशीर झाला, वस्तू चुकीच्या हातात पडली, तरी खात्याने स्वतःहून जेवढी जबाबदारी घेतली असेल तेवढीच, त्यापुढे कोणी त्याला कोर्टात खेचू शकत नाही. कर्मचाऱ्यालाही नाही, मात्र त्याने लबाडीने किंवा जाणूनबुजून केलं असेल तर गोष्ट वेगळी. त्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आम्ही दाद मागायची तरी कुठे?” मला तुम्ही आठवलात, आणि घरी आल्यावर हे लिहायला घेतलं.

अमळनेर आणि धुळ्याच्या मधल्या त्या बाजाराच्या गावात तुम्ही पोस्टमास्तर होता आणि आपण पोस्टाच्या मागच्याच दोन खोल्यांत राहायचो. आईच्या स्वयंपाकघराची भिंत आणि तुमच्या कचेरीची भिंत एकच. सकाळी टपालाच्या थैलीचं सील फुटलं की शिक्के मारायचा ठकठक आवाज भिंतीतून यायचा आणि आई त्याच सुमाराला भाकरी थापायला घ्यायची. दोन्ही आवाज मिसळून जायचे. आत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा वास, बाहेर लाखेचा आणि गोंदाचा. मला वाटायचं सगळ्या घरांना असाच वास असतो. एकदा शाळेतून आल्यावर मी वर्गवारीच्या टेबलावरचं एक पोस्टकार्ड उचलून वाचायला लागले. त्यात कुणाच्या तरी म्हशीला रेडकू झाल्याचं लिहिलेलं. तुम्ही कार्ड माझ्या हातातून काढून घेतलंत आणि म्हणालात, “उघडं आहे म्हणून ते आपलं होत नाही.” आवाज चढवला नाहीत. पण त्या दिवशी जेवताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते मला माराहून जास्त लागलं.

तुमच्या हाताखाली एकच पोस्टमन होता. आम्ही त्याला पोस्टमनकाका म्हणायचो. त्याच गावचा, सगळ्यांच्या घरात चुलीपर्यंत जाणारा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पत्र वाचून दाखवायचा, उत्तर लिहून द्यायचा, मनीऑर्डर आली की म्हातारीच्या हातात ठेवून तिच्याच ओट्यावर पाणी प्यायचा. तुमचा त्याच्यावर जीव होता. तुम्ही त्याला कधी साहेबासारखं बोलला नाहीत. सणाला आई त्याच्या घरी ताट पाठवायची, आणि त्याच्या घरून मांडे यायचे.

आणि ती मुलगी. तुम्हाला ती आठवत असणार. बारावी झालेली, वडील नव्हते, काकाच्या घरात आईबरोबर राहायची. माझ्याहून बरीच मोठी, पण वाचनालयात भेटली की माझ्याशी बरोबरीने बोलायची. तिने सरकारी नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता आणि मुलाखतीच्या पत्राची वाट बघत होती. वाट बघणं म्हणजे किती, तर रोज सकाळी थैली आली की खिडकीशी उभी. तुम्ही मान हलवायचा आणि ती जायची. मग तिची आई आजारी पडली, तिच्या औषधांसाठी मुलीला दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या, आणि ती खिडकीशी यायची थांबली. नेमकं त्याच आठवड्यात रजिस्टरने पत्र आलं. त्यावर दोनदा शेरा पडला, ‘दाराला कुलूप’. पत्र तिच्या हातात गेलं तेव्हा मुलाखत होऊन गेली होती.

ती आली ती दुपार मला दिसते आहे. मी स्वयंपाकघरात बसून गृहपाठ करते आहे आणि भिंतीपलीकडे अचानक सगळं शांत झालं आहे. मी दारात येऊन बघते. ती खिडकीशी उभी आहे, रडत नाही. पाकीट तुमच्यासमोर ठेवून म्हणते आहे, “मास्तर, आमना घरले कधीच कुलूप नही ऱ्हास. मनी माय खाटवर पडेल शे.” तिची आई आजारी पडल्यापासून अंथरुणावरून उठलेली नव्हती, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तुम्ही ते पाकीट हातात घेतलंत, शेरा वाचलात, पुन्हा वाचलात. मग तुम्ही पोस्टमनकाकाला हाक मारलीत. तो आला, तिला बघून थबकला, आणि त्याच्या तोंडाकडे बघूनच तुम्हाला कळलं असावं. कारण तुम्ही त्याला काहीच विचारलं नाही. फक्त म्हणालात, “बस.” आणि तिला म्हणालात, “तू घरी जा. मी खरं काय ते बघतो.”

ती गेल्यावर तो बोलला. पत्र ठेवून घ्यायला तिच्या काकाने सांगितलं होतं. लग्न जमत होतं, स्थळ चांगलं होतं, पोरगी शिकायला गेली तर मोडलं असतं. “पोरगीनं लगीन जमेल शे, मास्तर. तिना काका बोलना, चार दिन ठेई ले. मी ठेई लिधं. तिनं भलंच व्हई असं वाटनं माले.” त्याने पैसे घेतले नव्हते, चहासुद्धा घेतला नव्हता. हे मी आवर्जून लिहिते, कारण पुढे गावात भलतंच बोललं गेलं. त्याला खरंच वाटलं होतं की तो एका बापाविना पोरीचं भलं करतो आहे. तुम्ही त्याचं सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, “भलं करायला तिची माय आहे, ती स्वतः आहे. आपल्याकडे तिने फक्त पत्र मागितलं होतं.”

त्या मुलीने वकील न करता स्वतःच्या हाताने अर्ज लिहून जळगावच्या ग्राहक मंचात दिला. तेव्हा आयोगाला मंच म्हणायचे. काकाने घरात तिच्याशी बोलणं टाकलं, पण तिने अर्ज मागे घेतला नाही. आणि खात्यात हलकल्लोळ झाला. वरच्या कचेरीतून एक साहेब जीपने आले. आईने त्यांच्यासाठी शेव-पोह्यांची बशी भरली आणि मी ती घेऊन कचेरीत गेले, म्हणून ते बोलणं मी स्वतः ऐकलं आहे. साहेब वाईट माणूस नव्हते. ते तुम्हाला समजावत होते. “मास्तर, काळजीचं कारणच नाही. पत्र हरवो, उशिरा जावो, सरकारवर दावा लागत नाही. कायदा आपल्या बाजूने आहे. तुम्ही फक्त या निवेदनावर सही करा. वाटेत विलंब झाला असावा, एवढंच लिहिलंय.” तुम्ही कागद वाचलात. चष्मा काढून पुसलात. “कायदा आपल्या बाजूने आहे तर मग खोटं कशाला लिहायचं, साहेब? पत्र वाटेत नव्हतं. ते इथे होतं.” साहेबांनी बशीतल्या शेवेकडे बघितलं. “अहो, ‘वाटेत’ हा एक शब्द तर आहे.” तुम्ही म्हणालात, “तो एकच शब्द खोटा आहे. बाकी सगळ्यावर सही करतो.”

ते गेल्यावर तुम्ही आत आलात आणि पाटावर बसलात. भाकरी समोर होती आणि तुम्ही ती तोडत नव्हता. आई म्हणाली, “अहो, सही करून टाका ना. कोणाचं काय जाणार आहे? सरकार तर असंही सुटणार, आणि तो बिचाराही सुटेल.” ती स्वार्थाने बोलत नव्हती. तिला पोस्टमनकाकाची बायको दिसत होती, त्याची पोरं दिसत होती. तुम्ही तिला नीट समजावून सांगितलंत आणि मी ते जन्मभर विसरले नाही. वकिलीची सनद मिळाल्यावर मोठमोठ्या व्याख्यानांतही मला कोणी इतकं सोपं करून सांगितलं नाही. तुम्ही म्हणालात की ते कलम वाईट नाही. थैल्या भरभरून पत्रं रोज जातात, त्यातलं एखादं हरवणारच. प्रत्येकासाठी सरकार कोर्टात उभं राहिलं तर गरिबाचं कार्ड इतक्या स्वस्तात कोण नेईल? “पण ते चुकीसाठी आहे गं. माणूस चुकतो म्हणून. मुद्दाम केलेल्याला चूक म्हणायचं आणि त्या कलमाखाली लपायचं, असं नाही होत.” आई म्हणाली, “मग सगळं त्या एकट्यावर येईल.” तुम्ही भाकरी तशीच ठेवून पाटावरून उठलात. मला वाटतं तोच तुमचा खरा घोर होता. खरं बोललं तर सरकारला धक्का लागणार नव्हता. धक्का लागणार होता फक्त त्या एका माणसाला, जो तुमच्या ताटातला होता.

मंचात तुमची साक्ष झाली त्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि तुम्ही मला बरोबर नेलंत. का नेलंत हे तुम्ही सांगितलं नाही. एसटीत आपण दोघं पुढे आणि पोस्टमनकाका मागे. खात्याच्या वकिलांनी टपाल कायद्याचं कलम सहा वाचलं आणि ‘सरकार जबाबदार राहणार नाही’ इथे थांबले. अध्यक्षांनी पुढचा भाग स्वतः वाचला, कर्मचाऱ्याने लबाडीने किंवा जाणूनबुजून केलं असेल तर काय, तो. मग तुम्हाला विचारलं, “पत्राला उशीर कुठे झाला?” तुम्ही म्हणालात, “माझ्या कचेरीत.” कसा, विचारल्यावर तुम्ही सगळं सांगितलंत, न वाढवता, न कमी करता. त्याने पैसे घेतले नाहीत हेही सांगितलंत. आणि मग कोणी विचारलेलं नसताना म्हणालात, “साहेब, आणखी एक. ते पाकीट मी दुसऱ्या दिवशी पाहिलं होतं. शेराही पाहिला. त्या घरी बाई आजारी आहे, कुलूप कसं असेल, एवढं माझ्या डोक्यात यायला हवं होतं. घर हाकेच्या अंतरावर आहे. मी उठून गेलो नाही. तेव्हा त्याच्या नावाबरोबर माझंही नाव घाला.”

सगळे चकित झाले. खात्याच्या वकिलांनी तर कपाळाला हात लावला. अध्यक्ष तुम्हाला समजावायला लागले, की मास्तर, तुमचा निष्काळजीपणा झाला असेल, पण तुम्ही जाणूनबुजून केलं नाही, त्यामुळे हेच कलम तुम्हालाही सोडतं, तुमचं नाव घालता येणार नाही. तुम्ही थोडा विचार केलात. “मग मी असं म्हणालो, एवढं तरी लिहून घ्या.” त्यांनी ते लिहून घेतलं. मी मागे बसले होते. कायदा मला काही कळत नव्हता. पण एक माणूस सुटका होत असताना दारातच उभा राहतो आहे, एवढं मला दिसलं, आणि तो माझा बाप होता.

शेवटी त्या मुलीला विचारलं, तुला काय हवंय. ती मराठीत बोलायचं ठरवून आली असावी, पण तोंड उघडल्यावर आपली बोलीच बाहेर पडली. “माले पैसा नको. पत्र येळवर उनं व्हतं नि माले दिधं नही, इतलंच लिखी द्या.” आणि निकालात तेच आलं. सरकारविरुद्धची तक्रार कायद्याप्रमाणे फेटाळली. पोस्टमनवर ठपका ठेवला. आणि पत्र मुलाखतीआधी कचेरीत आलं होतं, ते तिच्यापासून मुद्दाम लांब ठेवलं गेलं, हे स्पष्ट शब्दांत नोंदवलं. तो निकाल घेऊन ती प्रशिक्षण केंद्रात गेली. तिथल्या बाईंनी तो वाचला आणि पुढच्या तुकडीच्या मुलाखतीला तिला बसू दिलं. ती निवडली गेली. लग्नाचं ते स्थळ मोडलं. काका काही दिवस तणतणला आणि मग तोच तिला पेटी घेऊन एसटीत बसवायला आला.

पोस्टमनकाकाची खात्यात चौकशी झाली, पगारवाढी रोखल्या, पण नोकरी राहिली. त्याने पैसे घेतले नव्हते हे तुमच्या साक्षीत होतं, म्हणून राहिली. तरी तो तुमच्याशी बोलायचा बंद झाला. थैली आणून ठेवायचा, पत्रं घेऊन जायचा, मान खाली. आणि तुमची बदली झाली पिंपळनेरला. शिक्षा म्हणून कोणी म्हटलं नाही, पण सगळ्यांना कळत होतं. वर्षाच्या मध्यावर माझी शाळा सुटली, आईचा सगळा शेजार सुटला. सामान टेम्पोत चढवायला गावातून फारसं कोणी आलं नाही. पोस्टमनकाका आला. न बोलता त्याने कपाट उचललं, पलंग उचलला, दोरी बांधली. सगळं झाल्यावर तुमच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “मास्तर, तुम्हीन माले एकला पडू दिधा नही.” तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात. मग तो आईला म्हणाला, भाभी, तिकडे थंडी जास्त, पोरीला जपा. टेम्पो निघाला तेव्हा तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसून बाहेर बघत होता आणि तुमचे डोळे भरले होते.

पिंपळनेरला आपण सुखात राहिलो, हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नसेल. बाजाराच्या दिवशी डोंगरातून माणसं यायची आणि तुम्ही खिडकी बंद करायची वेळ टळून गेली तरी बसून राहायचा, कारण ती माणसं पायी आलेली असायची. तिथेच मी दहावी झाले. मला वकील व्हायचं आहे असं म्हणाले तेव्हा तुम्ही हसलात आणि म्हणालात, “कोणाच्या बाजूची?” पहिला काळा कोट तुम्ही धुळ्याच्या शिंप्याकडून शिवून घेतलात, आणि बाह्या लांब झाल्या म्हणून स्वतः परत घेऊन गेलात.

परवा आयोगात त्या फैजपूरच्या गृहस्थांची तक्रार फेटाळली जाणार हे दिसत होतं. मी त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि विचारलं, तुमचं पाकीट हरवलं होतं की कोणी ठेवून घेतलं होतं? त्यांना प्रश्न कळेना. मी त्यांच्याकडची पावती घेतली, त्यांच्यासमोर मोबाइलवर सगळा प्रवास बघितला. रस्ता खचला होता, गाडी अडकली होती, पाकीट खरोखरच वाटेत होतं. कोणी मुद्दाम काही केलं नव्हतं. मी त्यांना तसं सरळ सांगितलं, की इथे तुम्हाला काही मिळणार नाही, पण उशीर कसा झाला याचा लेखी दाखला खात्याकडून मागा आणि तो घेऊन कॉलेजात जा. खात्याच्या त्या तरुण वकिलानेच पुढे होऊन दाखला मिळवून द्यायचं कबूल केलं. गृहस्थ म्हणाले, “बरं झालं, कोणीतरी नीट सांगितलं तरी.” नाना, तुमचं ते कलम अजून कठोरच आहे. पण चूक कुठे संपते आणि मुद्दाम केलेलं कुठे सुरू होतं, त्या त्याच्या दोन बाजू मला अंधारातही सापडतात.

आता खरी गोष्ट सांगते. मागच्या महिन्यात मला धुळ्याहून फोन आला. ती मुलगी तिथे नर्सिंगच्या प्रशिक्षण केंद्राची प्राचार्य झाली आहे. नव्या तुकडीचा शपथविधी होता आणि तिने मला बोलावलं. मी आईला घेऊन गेले. पांढऱ्या गणवेशातल्या मुली रांगेत उभ्या होत्या, साक्री-नवापूरकडच्या, पारोळ्याच्या, चोपड्याच्या. बहुतेक जणी घरातून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या. ती बोलायला उभी राहिली. तिने आधी आजारी माणसाशी खोटं का बोलायचं नाही ते सांगितलं. मग तिने तुमची गोष्ट सांगितली. सगळी. पोस्टमनकाकाची बाजूही सांगितली, त्याला वाईट ठरवलं नाही. तो वारला तेव्हा त्याच्या उशाशी तीच होती, हे मला तिथे कळलं. ती म्हणाली, “सरकारला सोडायला कायदा होता. मास्तरांनाही सोडायला कायदा होता. तरी ते म्हणाले, मी असं म्हणालो एवढं लिहून घ्या. तुमच्या नोकरीत कधी ना कधी असा दिवस येईल, आणि तेव्हा तुम्हाला कोणी विचारणारही नाही.” आईने माझा हात घट्ट धरला. ती रडत नव्हती. ती ताठ बसली होती, पदर सारखा करून, जशी ती तुमच्या शेजारी लग्नाकार्यात बसायची.

आईला मी हे पत्र वाचून दाखवणार नाही आणि कुठे छापायलाही देणार नाही. तुमच्यासाठी लिहिलं आहे, माझ्याजवळच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. सभागृहात ती म्हणाली, “त्या मास्तरांची मुलगी आज आपल्यात आली आहे.” आणि मी उभी राहिले. टाळ्या वाजल्या, मुली वळून वळून बघायला लागल्या. आई आणि बाकीचे सगळे समजतात की तिने मला खुणेने उभं राहायला सांगितलं. तिने सांगितलं नव्हतं, नाना. मी आपणहून उभी राहिले.